१२३४५६७८९८७६५४३२१ : अंगचे गुण आणि अंगरख्याचे गुण

नाशिकच्या इंदिरानगरातल्या एका पालकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. नववीतल्या मुलीने वहीत १११११११११ चा वर्ग केला, उत्तर आलं १२३४५६७८९८७६५४३२१, आणि तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. तिला तीन गोष्टी हव्या आहेत. एकावर एक वाढवत गेलं तर ही गंमत कायम चालेल का? या संख्येत आणखी काय दडलंय? आणि देवळालीच्या कापरेकरांचं नाव हिच्याशी का जोडतात? शिवाय वडिलांना इंटरनेटवर गुणधर्मांची एक लांबलचक यादी मिळाली आहे (पूर्ण वर्ग, उलटसुलट सारखी, हर्षद, विभाजक ४५ वगैरे), त्यातलं महत्त्वाचं काय ते त्यांना कळेना.

मी नाशिकमध्येच ऑलिंपियाडच्या तयारीची मुलं शिकवतो. अशी एखादी मोठी संख्या समोर आली की मी मुलांना फळ्यावर दोन रकाने आखायला लावतो. एकात संख्येचे अंगचे गुण, दुसऱ्यात अंगरख्याचे. अंगचे म्हणजे ती संख्या कुठल्याही पद्धतीने लिहिली, अगदी तेवढे खडे मोजून ठेवले तरी न बदलणारे. अंगरख्याचे म्हणजे आपण दहाच्या पायावर, ० ते ९ अंक वापरून लिहितो म्हणून दिसणारे. इंटरनेटवरच्या याद्यांमध्ये दोन्हींची खिचडी असते आणि वाचणाऱ्याला सगळंच सारखं थोर वाटतं.

आधी मुलीचा पहिला प्रश्न. कायम चालत नाही. नऊ एकांवर गाडी थांबते.

कारण समजायला तिने गुणाकार आडवा न करता उभा मांडून बघावा. १११११११११ ला १११११११११ ने गुणताना तीच ओळ नऊ वेळा लिहायची, दर वेळी एक घर डावीकडे सरकवून. मग प्रत्येक रकान्यात किती १ येतात ते मोजायचं: उजवीकडून एक, दोन, तीन असं वाढत मधल्या रकान्यात नऊ, आणि पुढे परत आठ, सात करत एकावर. कुठल्याच रकान्याची बेरीज नऊच्या वर जात नाही, म्हणून हातचा येत नाही, आणि रकान्यांच्या बेरजा जशाच्या तशा अंक होऊन बसतात. आता दहा एक घ्या. मधल्या रकान्यात दहा येतात. तिथे शून्य, हातचा एक. तो शेजारच्या नऊला मिळून पुन्हा दहा, पुन्हा शून्य, हातचा एक. तो आठला मिळून नऊ. उत्तर येतं १२३४५६७९००९८७६५४३२१. डावीकडच्या चढणीतला ८ गायब, मध्ये दोन शून्यं, आणि उलटसुलट सारखेपणा मोडला.

तो गायब झालेला ८ मुलीला ओळखीचा वाटेल. १२३४५६७९ ला ९ ने गुणलं की १११११११११ येतं, ६३ ने गुणलं की ७७७७७७७७७, ही जत्रेतली जादू तिने कुठेतरी पाहिली असेलच. त्या संख्येतही ८ नसतो आणि कारण तेच, हातचा. १ भागिले ८१ केलं तर ०.०१२३४५६७९०१२३४५६७९… असं आवर्ती दशांश उत्तर येतं, तिथेही ८ हातच्यानेच खाल्लेला असतो. तीन वेगळ्या गमती दिसतात, मूळ एकच आहे.

म्हणजे वर्गात दिसणारी ती चढ-उतार हा अंगरख्याचा गुण झाला. दहाऐवजी बाराच्या पायावर मोजणारा समाज असता तर त्याला अकरा एकांपर्यंत ही गंमत मिळाली असती. याचा पुरावा हवा असेल तर शंभराच्या पायाचा घ्या. तो घ्यायला काही करावं लागत नाही, अंकांच्या उजवीकडून जोड्या पाडायच्या: १ | २३ | ४५ | ६७ | ८९ | ८७ | ६५ | ४३ | २१. आता प्रत्येक जोडी हा एक 'अंक'. उलटीकडून वाचा: २१, ४३, ६५… सुरुवातीला १ होता. सारखेपणा संपला. संख्या तीच, फक्त शिवण बदलली.

आता अंगचे गुण. इथे एकच काम मनापासून करायचं असतं, मूळ अवयव पाडणं. बाकी सगळं त्यातून निघतं. सतरा अंकी संख्या पाहून लोक घाबरतात आणि ते योग्यही आहे. काहीच माहीत नसताना आंधळेपणाने भागत बसलं तर वर्गमुळापर्यंत, म्हणजे अकरा कोटींच्या पुढपर्यंतच्या मूळ संख्या तपासाव्या लागतील. पण ही पूर्ण वर्ग आहे हे आपल्याला माहीत आहे, तेव्हा फक्त १११११११११ फोडायची. तिचं वर्गमूळ साडेदहा हजारांच्या आसपास. तेही नको. नऊ एक म्हणजे तीन-तीनचे तीन गट: १११ | १११ | १११. म्हणून १११११११११ = १११ × १००१००१. पहिला तुकडा ३ × ३७. दुसऱ्याच्या अंकांची बेरीज ३, म्हणून ३ ने भाग जातो: १००१००१ = ३ × ३३३६६७.

उरला ३३३६६७. ही मूळ संख्या आहे का? वर्गमूळ ५७७ च्या किंचित वर. तिथपर्यंत १०६ मूळ संख्या आहेत. मुलीला सुटी असेल तर तिने सगळ्यांनी भागून बघावं, पण त्याहून सुंदर रस्ता आहे आणि तो मला या संपूर्ण प्रश्नातला सगळ्यात मोलाचा भाग वाटतो.

समजा प ही मूळ संख्या ३३३६६७ ला भागते. मग ती १००१००१ ला भागते, आणि ९९९९९९९९९ लाही भागते. म्हणजे १ वर नऊ शून्यं, या संख्येला प ने भागलं की बाकी १ उरते. १००० ला प ने भागून बाकी १ उरत असेल का? तसं असतं तर दहा लाखालाही बाकी १, आणि १०००००० + १००० + १ ला भागून बाकी १ + १ + १ = ३ आली असती. पण तिला तर प ने पूर्ण भाग जातो, म्हणजे प = ३ असायला हवा. ३३३६६७ च्या अंकांची बेरीज २८, तिथे ३ चालत नाही. पहिल्यांदा बाकी १ देणारा घात ९ चा विभाजकच असतो, म्हणजे पहिला, तिसरा किंवा नववा; पहिल्याला बाकी १ असती तर तिसऱ्यालाही असती. तेव्हा १० च्या घातांमध्ये पहिल्यांदा बाकी १ येते ती नवव्या घाताला, त्याआधी नाही. फर्माचा छोटा सिद्धांत सांगतो की १० चा (प − १) वा घात घेतला तरी बाकी १ च येते. म्हणून प − १ ला ९ ने भाग गेलाच पाहिजे. प विषम आहे, म्हणून १८ नेही.

झालं. १८ च्या पटीत एक मिळवून येणाऱ्या मूळ संख्याच तपासायच्या: १९, ३७, ७३, १०९, १२७, १६३, १८१, १९९, २७१, ३०७, ३७९, ३९७, ४३३, ४८७, ५२३, ५४१, ५७७. अकरा कोटींपासून निघालो होतो, सतरा भागाकारांवर आलो. एकानेही भाग जात नाही (३७ ने बाकी १ उरते, थोडक्यात हुकतं). ३३३६६७ मूळ आहे.

तर आपली संख्या: ३ चार वेळा, ३७ दोन वेळा, ३३३६६७ दोन वेळा. विभाजक किती? ३ शून्य ते चार वेळा घ्यायचा, पाच पर्याय. ३७ साठी तीन, ३३३६६७ साठी तीन. पाच त्रिक पंधरा, पंधरा त्रिक पंचेचाळीस. यादीतले ४५ इथून आले. हा आकडा विषम का, हे मुलीला विचारा. विभाजक जोडीजोडीने येतात, एकाने भागलं की दुसरा मिळतो. बावीस जोड्या होतात आणि १११११११११ एकटाच उरतो, कारण त्याचा जोडीदार तो स्वतःच. पूर्ण वर्गाच्या विभाजकांची संख्या नेहमी विषमच असते ती याचमुळे.

यादीत 'विभाजकांची बेरीज कमी पडते' असं काहीतरी असेल. खरं आहे. स्वतःला सोडून बाकीचे विभाजक मिळवले तर संख्येच्या साधारण साडेत्रेपन्न टक्केच भरतात. यात फारसं नवल नाही. मोठ्या मूळ अवयवांच्या विषम संख्यांचं असंच होतं. पुढे चला.

नवल पुढच्या गुणात आहे आणि तो बहुतेक याद्यांमध्ये नसतो. ही संख्या दोन वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येते का? नियम असा की ४ ने भागल्यावर ३ उरणारे मूळ अवयव सम वेळा आले पाहिजेत. ३ आणि ३३३६६७ दोन्ही त्या जातीचे आहेत, आणि सम वेळाच आले आहेत. ३७ ला ४ ने भागलं की बाकी १, म्हणून खेळ त्याच्या हातात. ३७ चा वर्ग १३६९ = १२२५ + १४४, म्हणजे ३५ चा वर्ग आणि १२ चा वर्ग. आता १११११११११ = ३७ × ३००३००३, तेव्हा त्याच पटीने दोघांना गुणा:

१०५१०५१०५ चा वर्ग + ३६०३६०३६ चा वर्ग = १११११११११ चा वर्ग.

पायथागोरसचं त्रिकूट, आणि तेही असं तालात बसलेलं. शिवाय शून्याचा वर्ग वगळला तर हा एकच मार्ग आहे, दुसरी जोडी सापडणारच नाही, कारण १२, ३५, ३७ चा काटकोन त्रिकोण सोडला तर इथे दुसऱ्या कुणाला जागाच नाही. त्रिकोणाच्या बाजूंची ही गोष्ट अंकांवर अवलंबून नाही, म्हणून ती पहिल्या रकान्यात. तिचा ताल मात्र दुसऱ्या रकान्यातला. दोन्ही रकाने एकाच ओळीत भेटतात ते असे.

आता कापरेकर. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, जन्म १९०५, डहाणूचा. पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये शिकले आणि १९३० ते १९६२ पर्यंत देवळालीत शाळामास्तर होते. पदव्युत्तर शिक्षण नाही, विद्यापीठात जागा नाही. ६१७४ या 'कापरेकर स्थिरांका'मुळे (चार अंकी संख्येचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लिहून वजाबाकी करत राहिलं की शेवटी येणारी संख्या) जगाला माहीत झाले. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या आपल्या सदरात त्यांच्याबद्दल लिहिलं, त्यानंतर तर परदेशातून विचारणा होऊ लागली. १, १२१, १२३२१ पासून आपल्या या संख्येपर्यंतच्या कुटुंबाला त्यांनी 'डेम्लो संख्या' म्हटलं. तेव्हाच्या जी.आय.पी. रेल्वेवरच्या डेम्लो, म्हणजे आताच्या डोंबिवली, स्टेशनात ही कल्पना सुचली म्हणून ते नाव. डेम्लो संख्येत त्यांना डावा तुकडा, उजवा तुकडा आणि मधला अंक यांचा मेळ दिसत असे. आपल्याकडे बघा: १२३४५६७८ + ८७६५४३२१ = ९९९९९९९९, आणि मध्ये ९.

हर्षद संख्याही त्यांचीच: अंकांच्या बेरजेने जिला भाग जातो ती. आपल्या अंकांची बेरीज ८१ (नऊ रकाने, नऊ ओळी, एकूण एक्क्याऐंशी एक). मूळ अवयवांत ३ चार वेळा आहे, म्हणजे ८१ ने भाग जातो. हर्षद ठरली. शंभराच्या पायावर मात्र ती हर्षद नाही. मघाच्या जोड्यांची बेरीज करा, ४४१ येते. त्यात ७ आहे, आणि आपल्या संख्येत ७ औषधालाही नाही.

इथे थांबून एक वेगळा प्रश्न विचारावासा वाटतो. १ पासून नऊ एकांपर्यंतच्या नऊ वर्गांपैकी हर्षद किती? १२१ ची बेरीज ४, भाग जात नाही. १२३२१ ची बेरीज ९, जातो. एकांची संख्या जितकी, तिच्या वर्गाइतकी अंकांची बेरीज. म्हणजे प्रश्न एवढाच उरतो: सात एकांना ७ ने, आठ एकांना ८ ने भाग जातो का? तपासलं की फक्त १, ३ आणि ९ टिकतात. अंगरख्याबद्दलच्या प्रश्नाचं उत्तर शेवटी विभाज्यतेतच सापडलं. केंब्रिजचे गणितज्ञ हार्डी यांनी ८७१२ = ४ × २१७८ आणि ९८०१ = ९ × १०८९ अशा अंकांच्या गमती कोड्यांच्या सदरात शोभतील, गणितज्ञाला त्यांत रस वाटावा असं काही नाही, अशा अर्थाचं लिहिलं होतं. नुसती गंमत नोंदवून सोडून दिली तर ते बरोबर आहे. पण 'का' विचारलं की त्याच गमतीतून दार उघडतं, आणि देवळालीच्या मास्तरांची वृत्ती ते दार ठोठावत बसण्याची होती.

आणि शेवटी खास आपल्या गावची कसोटी: ही 'देवळाली संख्या' आहे का? कापरेकरांची व्याख्या सोपी आहे. कुठलीही संख्या घ्या, तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा. २१ पासून २१ + ३ = २४ मिळते, म्हणजे २१ ही २४ ची जनक. जिला असा जनकच नाही ती स्वयंभू, तीच देवळाली संख्या: १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२, ५३…

सतरा अंकी संख्येचा जनक शोधायचा कसा? एकेक करून मागे जायची गरज नाही. जनकाच्या अंकांची बेरीज फार तर सतरा नवे १५३. शिवाय ९ ने भागल्यावर जनक आणि त्याच्या अंकांची बेरीज यांची बाकी सारखीच. दोघांची बेरीज ९ च्या पटीत हवी, म्हणून ती बाकी शून्यच. म्हणजे ९, १८, २७ असं १५३ पर्यंत जायचं, पुन्हा सतराच शक्यता. आणि वजाबाकीने बदलतात फक्त शेवटचे तीन अंक, आधीच्या चौदा अंकांची बेरीज ७५ तशीच राहते. ९ वजा केले तर शेवटी ३१२, एकूण बेरीज ८१, हवी होती ९. नाही. २७ वजा केले तर २९४, बेरीज ९०. नाही. असं करत ८१ वर आलं की शेवटी २४०, आणि ७५ + ६ = ८१. जमलं. १२३४५६७८९८७६५४२४० + ८१ = १२३४५६७८९८७६५४३२१. बाकीच्या सोळा शक्यता फसतात. म्हणजे आपली संख्या देवळाली संख्या नाही. तिला जनक आहे आणि तोही नेमका एकच.

व्यवहारातली एक सूचना, कारण मुली आता हे सगळं कॉम्प्युटरवर तपासायला धावतील. एक्सेलमध्ये ही संख्या टाकली तर १२३४५६७८९८७६५४३०० दिसेल. तिथे पंधराच अंक टिकतात. वेब ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्टला विचारलं तर शेवटचा अंक ० येईल. २ च्या ५३ व्या घातापुढे, म्हणजे ९००७१९९२५४७४०९९२ नंतर, नेहमीच्या साठवणीत विषम संख्या बसतच नाहीत, आणि आपली संख्या त्या रेषेच्या पलीकडे आहे. मग ती सम आहे, ५ ने भाग जातो असली उत्तरं मिळतात आणि माणूस आपल्या वहीवर शंका घेतो. पायथॉन वापरा, त्यात पूर्णांक कितीही लांब चालतो. नाहीतर वही बरी.

मोठ्याने वाचायची झाली तर भास्कराचार्यांची यादी काढा. कोटी, अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध. आपला पहिला १ 'मध्य'च्या घरात बसतो, परार्धाला एकच घर कमी.

मुलीला पुढचं काम हवंच असेल तर नऊऐवजी सात एक द्या. एकांची संख्या फोडता आली तर ती संख्याही फुटते, नऊला आपण तेच केलं. सात मूळ आहे, म्हणून गट पाडायची सोय नाही. दोन, एकोणीस आणि तेवीस एकांच्या संख्या तर खरोखर मूळ आहेत. अशा मूळ संख्या अनंत आहेत का, हे अजून कोणालाही सिद्ध करता आलेलं नाही. सात एकांची मात्र मूळ नाही. मघाचीच युक्ती वापरली तर १४ च्या पटीत एक मिळवून येणाऱ्या मूळ संख्याच बघायच्या: २९, ४३, ७१, ११३, १२७, १९७, २११, आणि आठवी २३९. तिने भाग जातो, उत्तर ४६४९. आता ४६४९ मूळ आहे का ते तिने ठरवावं. त्यासाठी तिला एकही नवा भागाकार करावा लागणार नाही. का, तेही तिनेच सांगावं.